क्लिपांखालची जागा

ओकुदाचा कंगवा थांबला, आणि जितका वेळ थांबायला हवा त्याहून थोडा जास्तच थांबला. आरशात चिगुसाला त्याचं फक्त कपाळ दिसत होतं, खाली वाकलेलं. बारा वर्षं ती त्याच्याकडे केस कापायला येत होती आणि बारा वर्षांत त्याने हवा, सुट्ट्या आणि स्वतःची मांजर यांपलीकडे काही विचारलं नव्हतं. आता त्याने शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं की हल्ली दगदग फार होते का. होत नाही, ती म्हणाली. दातांच्या दवाखान्यात दारासमोरच्या टेबलावर बसायचं, नावं पुकारायची, पुढची तारीख लिहून द्यायची. यात दगदग कसली. "डाव्या कानाच्या वर, जरा मागे," तो म्हणाला. "चाई पडलीय, शिमोदा-सान. दहा येनच्या नाण्याएवढी. घाबरू नका, येतात केस परत. बहुतेकांचे येतात." त्याने मागून धरायचा आरसा उचलला. तिने नको म्हटलं. मग तो मदतीच्या सुरात म्हणाला, वरचे केस आडवे घेऊन एखादी पिन लावतो, काळी, कोणाला कळायचं नाही. तिने पुन्हा नको म्हटलं, आणि तेही इतक्या ताडकन की शेजारच्या बाईने मासिकातून मान वर केली. चिगुसाने आरशातूनच तिची माफी मागितली. मग ओकुदाची मागितली. ओकुदानेही तिची मागितली.

तिथे बोट न्यायचं नाही असं तिने ठरवलं आणि बोट गेलं. गुळगुळीत. थोडं थंड. आपल्याच डोक्यावर दुसऱ्या कोणाचं तरी कातडं चिकटवल्यासारखं. पण बोटाला ते परकं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी हेच बोट हाच गुळगुळीतपणा चाचपायचं, दुसऱ्या एका डोक्यावर. त्याची कड शोधायचं. कडेच्या केसांत क्लिप बसवायची. टक्. मग तिच्यावर दुसरी, थोडी तिरकी. टक्. दुखलं का? नाही. घट्ट लाव.

&nbsp;

नाव: चिगुसा
वय: १७
काय करता: शाळा. उरलेला वेळ रविवारची वाट बघणे
अंगावर: धाकट्या भावाचा पिवळा रेनकोट, दोन झगे, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, सात माळा, नाकावर चिकटपट्टी (लागलेलं नाही)
डोक्यावर: क्लिपा, एक्केचाळीस
ही कल्पना कुठून सुचली:

&nbsp;

फोटोसोबत मासिकासाठी भरलेला तो फॉर्म अजून जिवंत होता, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. संग्रहालयाच्या मोगी नावाच्या मुलीने पत्रासोबत त्याची झेरॉक्स पाठवली होती. मोगी अठ्ठावीस वर्षांची होती. म्हणजे फोटो निघाला तेव्हा दोन वर्षांची. पत्रात तिने अतिशय नम्रपणे लिहिलं होतं की हाराजुकूच्या रस्त्यावर ज्याला पुढे डेकोरा म्हणू लागले, त्या रंगीत, खुळखुळणाऱ्या, डोक्यापासून पायापर्यंत लहान मुलांच्या दुकानासारख्या सजलेल्या पोशाखाचं आम्ही छोटंसं प्रदर्शन भरवतो आहोत, आणि शिमोदा-सान, तुम्ही पहिल्या. पहिल्या पाच-सहांपैकी नव्हे, पहिल्या. रविवारी तीन वाजता येऊन थोडं बोलाल का? चिगुसाने हो म्हणून कळवलं होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. तिच्या नवऱ्याने तर तो फोटो मागेच मोठा करून दारात, बूट काढायच्या जागेच्या वर लावला होता. येणारा प्रत्येक माणूस बूट काढताना वाकायचा आणि मान वर करताना म्हणायचा, अरे बापरे, या तुम्ही? मी, असं ती म्हणायची. रोज संध्याकाळी घरी आल्यावर तीही त्या फोटोपुढे वाकत होती. फोटोच्या उजव्या कडेला चार बोटं होती. चारही बोटांत प्लॅस्टिकच्या अंगठ्या, आणि त्या बोटांनी चिगुसाची पिशवी धरलेली. बाकी माणूस चौकटीबाहेर. ही कोण, असं आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

ओकुदाच्या दुकानातून संग्रहालयापर्यंत चालत वीस मिनिटं. चिगुसाने केस नुसते सरळ सोडले होते आणि प्रत्येक झुळकीला ती डावा हात वर नेत होती, आणि हात वर गेला की त्याच्याकडे बघून तिला वाटत होतं की हा हात आपला नाही, ही लकब आपली नाही. महिनाभर ती भांडी घासताना एकच वाक्य घोटत होती. ती कल्पना माझी नव्हती. आज ते बोलायचं, साठ माणसांपुढे, तोमोएचं नाव घेऊन बोलायचं, आणि मग घरी जाऊन नवऱ्याला सांगून तो फोटो उतरवायचा. यासाठीच तिने हो म्हटलं होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं होतं. आता त्या वाक्याच्या पुढे एक नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून वारा येत होता.

तोमोए कुरिहारा. ग्योदा गावात दोघींची घरं एकाच पाणंदीला होती. तोमोएची आई घरी बसून मोजे शिवायची, ते अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजे. पुढच्या खोलीत तीन यंत्रं, आणि तोमोएच्या कपड्यांना कायम यंत्राच्या तेलाचा वास. अकरावीच्या पहिल्या थंडीत तिच्या डोक्यात पहिली चाई पडली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चार. आईने तीनही वेळच्या सूपमध्ये समुद्री शेवाळ घालायला सुरुवात केली, त्याने केस दाट होतात म्हणून, आणि तोमोए ते निमूटपणे प्यायची आणि म्हणायची, बघ, एक दिवस माझ्या डोक्यावर शेवाळच उगवणार. शाळेत रंगीत क्लिपांना बंदी. काळ्या पिना चालायच्या, तेवढ्याच. ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसायची, भिंतीला डोकं टेकून, ते थकव्यामुळे आहे असं सगळ्यांना वाटायचं. चिगुसाला खरं माहीत होतं, कारण डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही आणि ती बघायला कोणीतरी एक माणूस लागतो. तोमोएने तो माणूस म्हणून चिगुसाला निवडलं होतं. आईला नाही, बहिणीला नाही. एवढ्या एका गोष्टीचा चिगुसाला त्या काळात अभिमान होता, आणि हे आठवलं की आजही तिचे कान तापतात.

तोमोएच्या धाकट्या बहिणीच्या बालवाडीतल्या चारपाच क्लिपा, स्ट्रॉबेरी, बदक, एक मोडका ससा. तिथून सुरुवात झाली. चाईपेक्षा क्लिपा मोठ्या दिसाव्यात म्हणून एकीवर दुसरी. डावीकडे जास्त झाल्या तर डावीकडेच का, असं कोणी विचारेल म्हणून उजवीकडेही. मग डोकं एवढं रंगीत आणि अंगावर शाळेचा निळा स्वेटर, हे उलट नजरेत भरतं म्हणून माळा. मग बांगड्या, कोपरापर्यंत. मग नाकावरची चिकटपट्टी, म्हणजे बघणारा आधी नाकच बघेल. एकेक गोष्ट तोमोएने डोक्यापासून नजर लांब न्यायला शोधून काढली होती, आणि झालं असं की सगळा रस्ता तिच्याचकडे बघू लागला. पण ते बघणं वेगळं होतं. ग्योदात लोक बघून नजर वळवायचे. इथे मुली धावत यायच्या.

रविवारी सकाळी दोघी साध्या कपड्यांत गाडीत बसायच्या, दीड तास, आणि स्टेशनच्या शौचालयात एका दारामागे दोघी शिरायच्या. चाळीस मिनिटं. तोमोए कमोडच्या झाकणावर बसायची, चिगुसा मागे उभी. बाहेर बायका दार वाजवायच्या. झालंच, झालंच, असं तोमोए आजारी माणसाच्या आवाजात म्हणायची आणि दोघी तोंडावर हात धरून हसायच्या. रस्त्यावर गेल्यावर मुलींची एक रीत पडून गेली होती: आवडलं की एक क्लिप द्यायची, एक घ्यायची. तोमोएला घेता यायची, देता यायची नाही. एक काढली की खालची जागा उघडी. म्हणून चिगुसाच्या खिशात कायम जास्तीच्या क्लिपा असायच्या. कोणी हात पुढे केला की तोमोए मागे न बघता तळवा मागे धरायची आणि चिगुसा त्यात एक ठेवायची. दुकानदार आणि त्याचा नोकर, असं तोमोए म्हणायची. कोण कोण ते आपण रोज बदलू, असंही म्हणायची. पण ते कधी बदललं नाही. चिगुसाच्या डोक्यावर तेव्हा नुसती एक पट्टी असायची. तिच्याकडे कोणी धावत येत नव्हतं.

&nbsp;

ही कल्पना कुठून सुचली:

&nbsp;

फोटोच्या त्या रविवारी तोमोएच म्हणाली होती. अगं, तूही लाव ना. दोघींनी लावल्या तर मग ती फॅशन. एकटीने लावल्या तर लोक विचार करायला लागतात. शौचालयात त्या दिवशी चिगुसा झाकणावर बसली आणि तोमोए मागे. आपल्या डोक्यावरच्या क्लिपा मोजल्या जात आहेत हे तिला कळत होतं. तोमोए पुटपुटत होती, आणि स्वतःच्या डोक्यावर होत्या तितक्याच, एक्केचाळीस, लावल्यावरच ती थांबली. सख्ख्या बहिणी, ती म्हणाली. रस्ता तेव्हा रविवारी गाड्यांना बंद असायचा आणि लवकरच तो पुन्हा उघडणार अशी बोलवा होती, म्हणून गर्दी होती. रस्त्यावरच्या पोशाखांचं मासिक काढणारा तो काळ्या कपड्यांतला माणूस आला, तो तोमोएकडे आला. तोमोए एक पाऊल मागे सरकली आणि चिगुसाची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन म्हणाली, "हिचा काढा. हिला जास्त छान दिसतं." फोटो निघाला. मग त्याने पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म दिला. शेवटच्या ओळीपाशी चिगुसाचं पेन थोडं थांबलं होतं. तोमोए खांद्यावरून वाचत होती, तिचा श्वास मानेवर लागत होता. चिगुसाने लिहिलं: स्वतःच सुचली. तोमोएने चिगुसाच्या कानावर घसरलेली एक क्लिप काढली आणि नीट बसवली.

इथवर चिगुसा स्वतःला माफ करत आली होती. त्यात काय, ती म्हणायची, फोटो नको होता तिलाच. नाव घातलं असतं तर तिला विचारायला लोक आले असते. जवळजवळ उपकारच. सव्वीस वर्षांत हे म्हणणं इतकं वापरून झालं होतं की त्याला आता कोपरे उरले नव्हते. पण त्या फोटोनंतर आणखी एक रविवार होता, आणि तो कोणत्याही मासिकात आला नव्हता.

मासिक ऑगस्टमध्ये आलं. पुढच्या रविवारी मुलींनी गराडा घातला तो चिगुसाभोवती. पहिल्यांदाच. तिच्या डोक्यावर पन्नास क्लिपा होत्या, तिने स्वतःच्या हाताने आरशात बघून लावलेल्या, नुसत्या आवडीच्या. तोमोए दोन पावलं मागे उभी होती. चिबाहून येणारी, पुढचे केस निळे केलेली एक मुलगी तोमोएकडे हनुवटी करून म्हणाली, "ही तुझी नक्कल करते का गं?" एवढंच. नाही, मी हिची करते, असं म्हणायला किती वेळ लागतो. चिगुसाने तोंड उघडलं तेव्हा तिला तेच म्हणायचं होतं, असं तिला पुष्कळ वर्षं वाटत आलं. पण तोंडातून आलं ते असं, हसत, सहज: "नक्कल नाही गं. तिला लावाव्याच लागतात. खाली चाई आहे."

मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांच्या नजरा एकदम वर गेल्या, तोमोएच्या केसांकडे, आणि तिथेच शोधत राहिल्या. चिगुसाला तेव्हा तोमोएच्या चेहऱ्याकडे बघता आलं नाही. ती तिच्या बुटांकडे बघत होती, गुलाबी नाड्या, एक सुटलेली. तोमोएने नेहमीप्रमाणे तळवा मागे केला नाही. तिने हात डोक्याकडे नेला, डाव्या कानाच्या वर, आणि तिथली क्लिप काढून त्या निळ्या केसांच्या मुलीपुढे धरली. "घे," ती म्हणाली. "अदलाबदल." मुलीने घाईघाईने आपली एक काढून दिली. तोमोएने ती खिशात ठेवली. डोक्याला लावली नाही. परतीच्या गाडीत दोघींनी नेहमीसारखा एक भाताचा गोळा अर्धा अर्धा खाल्ला आणि तोमोए यंत्राबद्दल काहीतरी सांगत राहिली, आईचं तिसरं यंत्र बिघडलंय, वगैरे. डावीकडची जागा उघडीच होती. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडत होतं.

पुढच्या रविवारी तिला घरी काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. शाळेत ती रोज सुप्रभात म्हणायची, रोज तशीच, त्यात कमी-जास्त काही नाही. आणि वर्षभरात त्या रस्त्यावर शेकडो डोकी क्लिपांनी भरली. ज्या गर्दीत तोमोए कोणाच्याही नजरेत न येता फिरू शकली असती ती गर्दी तयार झाली होती. तिथे फक्त ती नव्हती. ती पुढे माएबाशीला कामाला गेली. सहा वर्षं नव्या वर्षाचं कार्ड यायचं, त्या त्या वर्षाचा छापील प्राणी, खाली नाव. ससा, ड्रॅगन, साप. मग चिगुसाने घर बदललं आणि नवा पत्ता कळवायचा राहिला. राहिला, असं ती म्हणते.

&nbsp;

संग्रहालयाच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या आणि साठही भरल्या होत्या. काचेच्या पेटीत फॉर्म, त्यावर छोटा दिवा. पडद्यावर फोटो, दारातल्यापेक्षा चौपट मोठा, त्यामुळे ती चार बोटं आता माणसाच्या हाताएवढी. मोगीने शोभेसाठी कोटाच्या कॉलरला एक बदकाची क्लिप लावली होती. ती भराभर बोलत होती आणि मध्ये मध्ये चिगुसाला वाकून नमस्कार करत होती, आणि चिगुसा प्रत्येक वेळी परत वाकत होती, पण अर्धंच, कारण वाकलं की केस पुढे येत होते. मागच्या रांगेत सतरा-अठराची एक मुलगी बसली होती, अंगभर रंग, डोक्यावर इतक्या क्लिपा की मान हलली की खडखड व्हायची. ही फॅशन अजून आहे, मोगी तिच्याकडे हात करून म्हणाली, तिला सव्वीस वर्षं झाली तरी. आणि ती या एका डोक्यातून निघाली. मग तिने माईक दिला.

"ती कल्पना माझी नव्हती," चिगुसा म्हणाली.

घोटून ठेवलेलं वाक्य होतं, ते घोटल्यासारखंच बाहेर पडलं. ती पुढे म्हणाली, माझ्या मैत्रिणीची होती. तोमोए कुरिहारा तिचं नाव. ती बोटं तिची आहेत. साठ माणसं एकदम मान वर करून पडद्यावरच्या बोटांकडे बघू लागली आणि मग टाळ्या वाजल्या. टाळ्यांचा तिने विचारच केला नव्हता. मोगीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकी वर्षं स्वतःकडे आलेला मान असा दुसऱ्याला देऊन टाकणं, ती म्हणाली, हा मोठेपणा. चिगुसाला वाटलं की आता खाली बसावं, झालं. पण मोगी तिचं काम मनापासून करणारी मुलगी होती. तिने वही उघडली.

"मग कुरिहारा-सानना एवढ्या क्लिपा लावाव्याशा का वाटल्या? सुरुवात कशी झाली?"

तोच प्रश्न. शब्द वेगळे, पण तोच. आणि तसाच सरळ. साठ चेहरे तशीच वाट बघत होते, मागच्या रांगेतली क्लिपांची खडखडही थांबली होती. खरं सांगायचं म्हणून ती आली होती आणि खरं तेवढंच होतं, तीन शब्द, एकदा वापरलेले, जिभेवर अजून बसणारे. आता तर नाव आधीच सांगून झालं होतं. माएबाशीला कुठेतरी एक त्रेचाळीस वर्षांची बाई होती, कोणत्या तरी कचेरीत किंवा स्वयंपाकघरात, आणि हे सगळं टिपून घेणारा एक कॅमेरा तिपाईवर लाल दिवा लावून उभा होता. नाही सांगितलं तर खोटं. सांगितलं तर पुन्हा तेच, या खेपेला माईकवरून. चिगुसाचा डावा हात आपोआप वर गेला. बोटाखाली गुळगुळीत लागलं.

"मला चाई होती," ती म्हणाली.

आवाज स्थिर होता, त्याचं तिला नंतरही नवल वाटत राहिलं. ती सांगत गेली. की शाळेत मी भिंतीला डोकं टेकून बसायची. की घरी तीन वेळा शेवाळाचं सूप. की तोमोएने तिच्या बहिणीच्या क्लिपा आणल्या, बदक, मोडका ससा, आणि माझ्या डोक्यावर स्वतःच्या हाताने लावल्या, आणि मला एकटीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तितक्याच स्वतःला लावल्या. की अजूनही मधूनमधून पडते. आणि तिने मान वळवून केस बाजूला केले आणि साठ माणसांना ती जागा दाखवली. हॉलमध्ये कोणीतरी श्वास आत ओढला. कोणीतरी पर्स उघडून रुमाल शोधला. काय मैत्रीण, असं एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली. शंका घ्यायला जागाच नव्हती, पुरावा डोक्यावर होता. तोमोए वाचली होती. आता तिच्या नावामागे फक्त चांगुलपणा लागेल, कोणी तिच्या केसांकडे बघणार नाही. हे चिगुसाच्या मनात आलं आणि त्याला चिकटूनच दुसरं आलं, की आपल्याला ऊब वाटते आहे. एवढ्या माणसांच्या दयेची. कल्पना परत करायला म्हणून ती आली होती, आणि कल्पना देऊन तिने तोमोएचा आजार घेतला होता, तिच्या आईचं सूप घेतलं होतं, ती भिंत घेतली होती, बहिणीचा मोडका ससासुद्धा. आता तोमोएकडे स्वतःचं म्हणून तिथलं काहीच उरलं नव्हतं. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त वेळ वाजल्या. चिगुसा पूर्ण वाकली, केस पुढे आले तरी. वर यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

लोक उठू लागले. खुर्च्यांवर ठेवलेला अभिप्रायाचा फॉर्म मोगीने तिच्याही हातात दिला. नाव, वय, कसं वाटलं. तो ती घडी घालत राहिली, अर्धा, पाव, आणखी अर्धा. खडखड जवळ आली. मागच्या रांगेतली ती मुलगी समोर येऊन उभी राहिली होती, डोळे सुजलेले, नाकावर चिकटपट्टी. तिने आपल्या डोक्यावरची एक क्लिप काढली, पिवळी, साधी, आणि पुढे धरली. चिगुसाकडे बदल्यात द्यायला काही नव्हतं, आणि तिने तसं म्हटलं. मुलगी म्हणाली, राहू दे, काकू, तुमच्याकडून आम्ही आधीच घेतलंय सगळं. मी लावू का? तिथे?

चिगुसा खुर्चीवर बसली आणि तिने मान खाली केली. मुलीची बोटं केसांत शिरली. ती शिकलेली बोटं होती. त्यांनी आधी जागा चाचपली, मग कड शोधली, कडेचे केस हलक्या हाताने गोळा केले. गार धातू कातड्याला टेकला. टक्.

"दुखलं का?" मुलीने विचारलं.

उत्तर तोंडाशी तयार होतं. तेही आपलं नाही, हे तिला माहीत होतं.

"नाही," चिगुसा म्हणाली. "घट्ट लाव."